नक्कल करून घेणे आणि ती सोडवणे

संपादक महोदय,

संगीताच्या शिकवण्यांत मुलांकडून गुरूची हुबेहूब नक्कल करून घेतली जाते व त्यामुळे त्यांची प्रतिभा खुंटते, असा सूर आपल्या वाचकपत्रांतून अलीकडे उमटला आहे. या बाबतीत स्पेनमधील कॅटालोनियाचे चेलोवादक (चेलो म्हणजे व्हायोलिनच्या जातीचे, पण मोठे, बसून गजाने वाजवायचे वाद्य) पाब्लो कासाल्स यांचे उदाहरण मांडावेसे वाटते, कारण नक्कल नाकारणारा विद्यार्थी आणि नक्कल करून घेणारा शिक्षक अशा दोन्ही जागी ते होऊन गेले.

१८७६ मध्ये एल वेंद्रेल या गावी जन्मलेल्या कासाल्स यांना पहिले धडे चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या वडिलांकडून मिळाले. पियानो, व्हायोलिन, ऑर्गन हे सारे हाताळून झाल्यावर, अकराव्या वर्षी चेलो ऐकून ते त्याकडे वळले आणि बार्सिलोनाच्या नगरपालिकेच्या संगीतशाळेत शिकू लागले. त्या काळी चेलो शिकणाऱ्याला उजव्या काखेत पुस्तक धरून गज चालवायला लावीत, म्हणजे कोपर अंगाला चिकटून राहावे. या मुलाने कोपर मोकळे सोडले आणि डाव्या हाताची बोटे टाकण्याची रीतही बदलली. तेराव्या वर्षी जुन्या स्वरलिपींच्या दुकानात हाती लागलेले जर्मन संगीतकार बाखचे चेलोसाठीचे सुइट (छोट्या रचनांच्या मालिका) मात्र त्यांनी सुमारे बारा वर्षे घोटले आणि मगच लोकांसमोर वाजवले. (आठ-दहा महिन्यांत मुलाला रंगमंचावर पाहू इच्छिणाऱ्या पालकांनी हा आकडा पुन्हा एकदा वाचावा.)

आता शिक्षक कासाल्स. १९४६ मध्ये ते फ्रान्समधील प्राद या गावी निर्वासितासारखे राहत असताना बर्नार्ड ग्रीनहाउस हे अमेरिकी वादक, वयाच्या तिशीत, त्यांच्याकडे शिकायला गेले. बाखच्या त्या सुइटांपैकी डी मायनर या स्वरातला एक कासाल्स यांनी त्यांच्याकडून अक्षरशः गिरवून घेतला: तेच बोट, गजाचा तोच फेरा, तोच जोर. स्वतःच्या हातांनी काखेतले पुस्तक टाकून देणाऱ्या माणसाने हे करावे, याचे प्रथम नवल वाटते. पण काही आठवड्यांनी दोघांचे वादन सारखे वाटू लागल्यावर त्यांनी शिष्याला चेलो खाली ठेवून नुसते ऐकायला सांगितले आणि तोच सुइट बोटे, गज, वाक्यांची तोड, सारे बदलून वाजवला. ग्रीनहाउस पुढे स्वतः नामवंत शिक्षक झाले आणि ही हकीकत त्यांनीच सांगून ठेवली आहे.

ख्यालाची तालीम घेतलेल्यांना यातला पहिला भाग ओळखीचा वाटेल. आपल्याकडे राहून जातो तो दुसरा. तक्रार करणाऱ्या वाचकांनी दोष नक्कलेला दिला आहे. माझ्या मते तो ती वेळेवर न सोडवणाऱ्या आम्हा शिक्षकांचा आहे. तीस वर्षे हार्मोनियम शिकवताना मी असंख्य विद्यार्थ्यांच्या वहीत भूप रागाच्या त्याच आठ ताना उतरवून दिल्या, परीक्षेपर्यंत घोटून घेतल्या, आणि परीक्षा झाल्यावर तोच भूप त्यांच्यासमोर वेगळा वाजवून दाखवायचे मला एकदाही सुचले नाही.

– एक निवृत्त संगीतशिक्षक, मिरज