आत्याबाई, तुम्ही आधी स्वतःची चूक सांगितलीत

ती. स्व. आत्याबाई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

प्रत्यक्ष भेटीत मी आभार मानायला लागले की तुम्ही "आधी चहा टाक" म्हणून विषय बदलता, म्हणून हे पत्र लिहिते आहे. ते उघडपणे लिहिते आहे, कारण गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरात काय घडले याविषयी नात्यागोत्यात बरेच अर्धवट बोलले गेले. तुमच्या वहिनींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, मी हे पत्र आधी वाचून दाखवले आहे आणि त्यांनी होकार दिल्यावरच ते इतरांपुढे ठेवते आहे.

एप्रिलमधल्या त्या दुपारी नागपुरात पारा 44 अंशांवर होता. रात्रभराच्या जागरणाने मला गाढ झोप लागली होती. आमच्या त्रिमूर्तीनगरच्या घराची एक किल्ली सासूबाईंकडे असे. त्या आल्या, बाळाला दुपट्यात गुंडाळले आणि ऑटोने महाल भागातल्या आपल्या घरी घेऊन गेल्या, कारण वर्ध्याहून आलेल्या त्यांच्या मावशींना बाळ पाहायचे होते. मी उठले तेव्हा पाळणा रिकामा होता. त्यांचा फोन लागत नव्हता. साडेचार महिन्यांचे बाळ रांगतही नाही हे ठाऊक असूनही मी गच्चीपर्यंत जाऊन आले आणि न्हाणीघरातली भरलेली बादलीसुद्धा वाकून पाहिली. दीड तासाने बाळ परत आले ते डोळ्यांत काजळ घालून, आणि त्याच्या ओठांना मधाचा चिकटा लागलेला होता.

मी किल्ली परत मागून घेतली आणि "यापुढे माझ्या बाळाला हात लावायचा नाही" असे बोलून गेले. सासूबाई एकही शब्द न बोलता निघून गेल्या. पुढचे तीन आठवडे त्या आल्या नाहीत, आम्ही गेलो नाही, आणि तुमचा भाचा, म्हणजे माझा नवरा, ऑफिसातून परस्पर महालात जाऊन उशिरा घरी येऊ लागला. अडचण अशी होती की माझी 26 आठवड्यांची प्रसूती रजा मेअखेर संपत होती आणि त्यानंतर बाळाला दिवसभर सांभाळण्यासाठी आम्ही सासूबाईंवरच विसंबलो होतो. ज्यांना उंबऱ्याबाहेर काढले, त्यांच्याच हाती बाळ सोपवण्याची वेळ येणार होती.

त्याच दिवसांत नात्यातल्या एकांनी सासूबाईंना सांगितले की आजीचाही नातवावर हक्क असतो, कोर्टात जा. ते माझ्या कानावर आले तेव्हा मी तुमच्याकडे धरमपेठेत आले, आणि खरे सांगायचे तर भांडणासाठी दारूगोळा गोळा करायलाच आले होते. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, 1956 हा आईवडिलांनाच नैसर्गिक पालक मानतो, आजीआजोबांना भेटीचा असा वेगळा हक्क त्यात लिहिलेला नाही आणि वाद गेलाच तर न्यायालय बाळाचे हित पाहते, हे सगळे मी तुम्हाला तावातावाने ऐकवले. तुम्ही म्हणालात, "हे खरं असेल. पण वहिनींसमोर एकदा जरी उच्चारलंस, तर पुढची वीस वर्षं त्या तुझ्या घरी पाहुण्यासारख्या येतील." त्या एका वाक्याबद्दल मी तुमची जन्मभर ऋणी राहीन.

पण माझे खरे आभार आहेत ते त्यानंतरच्या रविवारासाठी. आम्हा दोघांना घेऊन तुम्ही महालात गेलात. तुम्ही तीस वर्षे प्रसूती विभागात परिचारिका होता, तेव्हा सासूबाईंना मधाचे आणि काजळाचे तोटे समजावून सांगाल, अशी माझी अपेक्षा होती. सासूबाई मांडीवर सूप घेऊन शेवयांसाठी गहू निवडत होत्या आणि त्यांनी आमच्याकडे मान वर करून पाहिलेही नाही. तुम्ही त्यांच्यासमोर जमिनीवर बसलात आणि म्हणालात, "वहिनी, 1990 च्या उन्हाळ्यात आईने आणि मी तुमचं बाळ तुमच्यापासून दूर ठेवलं होतं. रात्री ते आईच्या खोलीत असायचं. तुम्हाला फक्त पाजायला हाक मारायचो. तुम्ही दाराशी उभ्या राहायच्या, ते मला दिसत होतं, आणि मी गप्प बसले. ती माझी चूक होती."

सासूबाईंचा हात गव्हातच थांबला. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "दीड महिना. दीड महिना मी त्याला रात्री कुशीत घेतलं नाही." तुमच्या भाच्याला, ज्याच्याविषयी हे बोलणे चालले होते त्याला, ही गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा कळत होती. आणि मलाही तेव्हाच कळले की ज्या बाईला मी बाळ हिसकावून नेणारी समजत होते, तिचे स्वतःचे बाळ तिच्याजवळून असेच नेले गेले होते.

मग तुम्ही मला नाही, भाच्याला म्हणालात, "आता तू बोल." तो बोलला. बाळाला विचारल्याशिवाय घराबाहेर न्यायचे नाही. सहा महिने होईपर्यंत त्याच्या तोंडात आईच्या दुधाशिवाय काही घालायचे नाही, आणि मध तर वर्षभर नाही. येण्याआधी फोन करायचा. बाळाचे फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचे नाहीत. याच गोष्टी मी किमान दहा वेळा सांगितल्या होत्या. परंतु आपल्या घरांमध्ये सुनेने सांगितले तर ती अट ठरते आणि मुलाने सांगितले तर विनंती, हे तुम्हाला ठाऊक होते. मला ते आजही पुरतेपणी पटत नाही, तरी त्या दिवशी त्यानेच काम झाले.

सासूबाईंनी विचारले, "एवढ्या उन्हात पाणीसुद्धा नाही?" तेव्हा कुठे तुमच्यातली परिचारिका बोलली: आईच्या दुधात शंभरात सुमारे 87 भाग पाणीच असते, त्यामुळे आईने भरपूर पाणी प्यावे आणि बाळाला मागेल तेव्हा पाजावे; मधात कधीकधी एका जंतूचे बीजाणू असतात, मोठ्यांना ते बाधत नाहीत, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात; काजळात शिसे असू शकते. शेवटी म्हणालात, "आपण सगळ्यांनीच चाटवला मध. तेव्हा माहीत नव्हतं." 'आपण' या तुमच्या शब्दामुळे सासूबाईंना मान खाली घालावी लागली नाही. त्यानंतर मीही माझ्या त्या वाक्याबद्दल त्यांची क्षमा मागितली.

मी कामावर रुजू होण्याच्या आदल्या दिवशी किल्ली त्यांच्या हातात परत दिली. तेव्हापासून सगळे सुरळीत आहे असे म्हणणे खोटेपणाचे होईल. जुलैत बाळाच्या अंघोळीचा फोटो ग्रुपवर गेला आणि माझ्या डोक्यात पुन्हा तीच तिडीक गेली. पण फोन तुमच्या भाच्याने केला, फोटो दहा मिनिटांत काढला गेला आणि संध्याकाळी आम्ही एकत्र जेवलो.

तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे लहान मुलांच्या लाकडी बैलांच्या पोळ्याच्या, दिवशीची गोष्ट मात्र तुम्हाला अजून कुणी सांगितलेली नसेल. तुमच्या भाच्याचा लहानपणीचा लाकडी नंदी सासूबाईंनी माळ्यावरून काढून, तेलपाणी करून, नवी झूल शिवून तयार ठेवला होता. सकाळी त्यांचा फोन आला. त्या म्हणाल्या, "इकडे मारबतीची गर्दी आहे, ढोलताशे आहेत, इतक्यात नको. मिरवणूक आटोपली की पाचला नेते आणि सातला आणून देते. चालेल का गं?" मी हो म्हणाले. सात वाजायला दहा मिनिटे असताना त्या दारात उभ्या होत्या. बाळ त्यांच्या खांद्यावर झोपले होते, नंदीची दोरी त्यांनी मनगटाला गुंडाळली होती, आणि बाळाच्या मुठीत बोजाऱ्याची, म्हणजे या सणाला लहानांना देतात त्या खाऊच्या पैशांची, दहाची नोट होती.

आपली,
सूनबाई