मंगळवारी पहाटे मी कुठे जाते

प्रिय आई-बाबा,

शालोम आणि नमस्कार.

गेल्या शुक्रवारी फोनवर बाबांनी विचारलं, "गाझात युद्धबंदी झाली ना, मग संपलं की नाही एकदाचं?" मी "हो, शांत आहे आता" म्हटलं आणि विषय बदलला. आईने माझा आवाज ओळखला असणार. तेव्हा बोलायचा धीर झाला नाही, म्हणून आता लिहिते.

महिन्यातून दोन मंगळवारी, माझी सुट्टी असते तेव्हा, मी पहाटे पाचला गाडी काढते आणि इथून, अश्दोदहून, इस्रायलच्या ताब्यातल्या वेस्ट बँकच्या हद्दीवर तर्कुमियाच्या चेकपोस्टवर जाते. हेब्रॉनकडचे पॅलेस्टिनी पेशंट तिथे येऊन थांबलेले असतात, बहुतेक लहान मुलं. कुणाला केमो असते, कुणाला डायलिसिस. त्यांना तेल अवीवजवळच्या तेल हाशोमेरच्या मोठ्या हॉस्पिटलात पोचवायचं, एवढंच माझं काम. परतीला दुसरं कुणीतरी असतं. हे काम युवाल रोथ नावाच्या माणसाने सुरू केलं. 1993 मध्ये त्याच्या भावाला हमासच्या लोकांनी पळवून नेऊन मारलं. पुढे तो दोन्हीकडच्या, घरचं माणूस गमावलेल्या लोकांच्या मंडळात जायला लागला. तिथल्या एका पॅलेस्टिनी माणसाने त्याला विचारलं, माझ्या भावाला हॉस्पिटलात नेशील का? त्याने नेलं. आता असे शेकडो ड्रायव्हर आहेत.

ऐकून तुम्ही घाबराल हे मला माहीत होतं. त्यात 7 ऑक्टोबर 2023 ला गाझाच्या सीमेवरच्या किबुत्झांमध्ये, म्हणजे सामूहिक शेतीच्या वस्त्यांमध्ये, जे मारले गेले त्यांत याच कामातली माणसं होती. व्हिव्हियन सिल्व्हर 74 वर्षांच्या होत्या. गाझाचे पेशंट स्वतः गाडीतून नेणारी बाई. 4 तारखेला त्या जेरुसलेममध्ये ज्यू आणि पॅलेस्टिनी बायकांच्या शांतता मोर्चात होत्या आणि तीन दिवसांनी बेरीमधल्या आपल्या घरात मारल्या गेल्या. निर ओझच्या ओदेद लिफशित्झ यांना 83 व्या वर्षी ओलीस नेलं, 2025 च्या फेब्रुवारीत त्यांचं शव परत आलं. हे वाचून मी आठवडाभर नीट जेवले नव्हते. तरी त्यानंतरच मी नाव नोंदवलं. व्हिव्हियन गेल्या, त्यांच्या गाडीची जागा रिकामी झाली, असं मला सारखं वाटत राहिलं. गाझाचे पेशंट तेव्हापासून येतच नाहीत. वेस्ट बँकचे येतात.

त्या दिवशी इकडे 1,200 च्या आसपास माणसं मारली गेली, 251 ओलीस नेली. त्यानंतर गाझात जे झालं त्यात, तिथल्या आरोग्य खात्याच्या आकड्यांप्रमाणे, 67,000 च्या वर माणसं गेली. आमच्या टीव्हीवर त्यातलं फारच थोडं दिसतं. मी पाहिलं ते माझ्याच वॉर्डातल्या अरब डॉक्टरच्या फोनवर. पहिले कित्येक दिवस आम्ही दोघी एकाच पेशंटच्या दोन बाजूंना उभ्या राहून औषधाखेरीज एक शब्द बोललो नव्हतो. मग एकदा रात्रपाळीला रॉकेट येत असल्याचा भोंगा वाजला. अश्दोदला आडोसा गाठायला 45 सेकंद मिळतात. तेवढ्यात दोघींनी मिळून एका म्हाताऱ्याची खाट आत ओढली, आणि आत बसल्यावर तिने स्वतःहून फोन माझ्यासमोर धरला.

बाबा, 1993 आठवतं? मी नऊ वर्षांची होते. ऑस्लो करार झाला, आणि इस्रायलचे पंतप्रधान राबिन आणि पॅलेस्टिनींचे नेते अराफात हात मिळवताना तुम्ही मला टीव्हीसमोर बसवून दाखवलंत आणि म्हणालात, "बघून ठेव, सुटलं बरं का." त्या करारात जेरुसलेम, निर्वासित, वेस्ट बँक-गाझातल्या ज्यू वसाहती, सीमा हे सगळे अवघड प्रश्न नंतर बघू म्हणून बाजूला ठेवले होते. मला आज वाटतं, तिथेच घात झाला. लोकांना वाट बघायला लावली, आणि वाट बघण्याच्या त्या वर्षांत ज्यांना हे नको होतं त्यांनी आपलं काम केलं. हेब्रॉनच्या मशिदीत एका ज्यू डॉक्टरने नमाज पढणारे 29 जण मारले. हमासने बसगाड्यांत बाँब फोडले. 4 नोव्हेंबर 1995 ला राबिनना गोळी घातली तीही एका ज्यू तरुणानेच. करार झाला तेव्हा वेस्ट बँकमध्ये, पूर्व जेरुसलेम सोडून, वसाहतवाले लाख-सव्वा लाख होते, आता पाच लाखांच्या वर आहेत. शांततेची बोलणी चालू असताना समोरच्या टेकडीवर क्रेन उभी दिसली तर पॅलेस्टिनी माणसाने काय समजायचं?

पण अशक्य म्हणाल तर मी ऐकणार नाही. 1973 ला इजिप्तशी केवढं युद्ध झालं, आणि चारच वर्षांत त्यांचे राष्ट्राध्यक्ष सादात जेरुसलेमला येऊन क्नेसेटमध्ये, आपल्या संसदेत, बोलले. 1982 पर्यंत युद्धात घेतलेलं जवळजवळ सगळं सिनाई इजिप्तला परत दिलं, तिथली यामितची वसाहत आपल्याच सैन्याने उठवली. तो करार अजून टिकून आहे. शेजारी शेजारी दोन देश, याशिवाय दुसरी वाट मला दिसत नाही. तुमचा नातू पुढच्या वर्षी लष्करात जाणार, तेव्हा मला हा नुसता बातम्यांचा विषय कसा राहील?

मागच्या मंगळवारी एक सात वर्षांचा मुलगा आणि त्याची आजी होती. वडिलांना इस्रायलमध्ये यायचं परमिट मिळालं नाही, म्हणून आजी. चेकपोस्टवर तिचे कागद तिसऱ्यांदा तपासले तेव्हा मला बाबांच्या आत्याची गोष्ट आठवली. तुम्ही खरे ज्यू कशावरून, पिढ्या तपासा, असं इथले रब्बी म्हणायला लागले आणि 1964 मध्ये आपले बेने इस्रायली, कोकणातून आलेले ज्यू, जेरुसलेमला धरणं धरून बसले, त्यात ती होती. मरेपर्यंत तिला ते लागून राहिलं. नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या आपल्या पूर्वजांना कोकणात कुणी कागद विचारले नाहीत, असं ती म्हणायची.

आजीने मोडक्या हिब्रूत विचारलं, तुझी आई कुठे? ठाण्याला, भारतात, म्हटलं. "एवढी लांब!" असं म्हणून तिने माझ्या खांद्याला हात लावला. मुलगा मागून काहीतरी सारखं विचारत होता. आजी म्हणाली, समुद्र कधी लागणार म्हणून विचारतोय. त्याने समुद्र पाहिलेलाच नाही. हेब्रॉनहून समुद्र तासा-दीड तासाच्या अंतरावर असेल. पण परमिट हॉस्पिटलचं, गाडी वळवता येत नव्हती. मी नाही म्हटलं आणि तेल हाशोमेरपर्यंत कुणीच बोललं नाही. उतरताना आजीने द्राक्षांची पिशवी सीटवर ठेवली. हेब्रॉनची द्राक्षं, आई, आपल्या नाशिकसारखीच गोड. शब्बाथला मलिद्याच्या प्रसादाच्या ताटात तीच ठेवली, आपल्या प्रेषित एलियाहू हन्नबीचं नाव घेतलं आणि त्या मुलासाठीही मागितलं.

त्याची पुढची केमो येत्या मंगळवारी आहे. मीच जाणार आहे. सकाळी साडेसातपर्यंत फोन लागला नाही तर घाबरू नका, मी रांगेत असेन. हॉस्पिटलात पोचले की करते.

तुमची,
मुलगी