माडीवरून खाली

दर्यापूर तालुका, माघ महिना

चि. नितीन,
अनेक आशीर्वाद.

माडीवर जायला लिफ्ट बसवू असं तू म्हणालास, त्यावर आम्ही दोघं बोललो. लिफ्ट नको. उन्हाळ्यात इथली वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि लिफ्ट बिघडली तर दुरुस्तीवाला अमरावतीहून यायचा. त्यापेक्षा आम्हीच खाली राहायला येतो. मे महिन्यात पारा 45 वर गेला की माडीचा स्लॅब रात्रीही निवत नाही. खालची मधली खोली एवढी तापत नाही.

खरं काम न्हाणी-संडासाचं. रात्री-बेरात्री, पावसाचिखलात बाबा मागचं आवार ओलांडून जातात, तेव्हा ते परत येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. म्हणून तुरीची पोती ठेवतो ती कोठी मोकळी करून तिथेच दोन्ही घ्यायचं. कमोड 18 इंच उंच, म्हणजे गुडघे फार वाकवावे लागत नाहीत. शेजारी स्टीलचा दांडा, पण तो विटेत पक्का रोवलेला हवा. उठताना माणूस सगळा भार त्यावर टाकतो, नुसत्या प्लास्टरमधून तो उपसून येईल. फरशी खरखरीत, उंबरठा नाही. दार 3 फुटी आणि बाहेर उघडणारं. आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं. मिस्त्री हे ऐकून नाही राहिला, तूच फोन कर.

ओटा दीड फूट उंच आहे, त्यावर चढायला उतार करायचा. एक फूट उंचीला 12 फूट लांबी या हिशेबाने उतार 18 फूट लांब होतो, सरळ नेला तर रस्त्यावर जातो. भिंतीलगत वळवून घेऊ, वळणावर 5 फूट सपाट जागा ठेवून. खालची काळी माती मात्र काढून मुरूम भरायलाच हवा. आपली माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिच्यावर बांधलेला उतार ओट्यापासून सुटतो.

जिना राहील. तुम्ही आलात की माडी तुमचीच, आणि कुरड्या-पापड वाळवायला मलाही वर जावं लागेल. दोन्ही बाजूंनी कठडा, पायऱ्यांच्या कडांना पिवळा रंग आणि वर-खाली दोन्हीकडून लागणारा दिवा, एवढं करू.

बाबांशी तू बोल रे. माडी सोडली म्हणजे आपण म्हातारे झालो, असं त्यांच्या मनाने घेतलं आहे. त्यांना पुण्याला न्यायचा विषय आता काढू नकोस. वावराची वाट, पारावरची माणसं, पोळ्याला दारी येणाऱ्या बैलजोड्या, यातच ते आहेत, आणि मीही. मधल्या खोलीच्या खिडकीतून वावराकडे जाणारी वाट दिसते, हे त्यांना तुझ्या तोंडून ऐकू दे.

काम होळीच्या आत व्हायला हवं. तू आलास की पलंग खाली आणू. बाबांना हात लावू देऊ नकोस.

तुझी,
आई