संगम माहुलीची चूक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी निवृत्त भूगोल शिक्षक. मराठी विकिपीडियावर फावल्या वेळात नद्यांवर लिहितो. परवा नातवाने मोबाइलवरच्या एआयला वेण्णा नदीबद्दल विचारले. ती संगम माहुलीला कृष्णेला मिळते, हे उत्तर बरोबर. पण शब्द माझ्या विकिपीडियावरच्या लेखातलेच, आणि ‘उगम’ऐवजी झालेला ‘ऊगम’ही माझाच! विकिपीडियाचा मजकूर कुणीही वापरावा, विकावासुद्धा. फक्त श्रेय द्यावे आणि त्यावर बेतलेले लेखन विकिपीडियाच्याच परवान्याखाली, म्हणजे याच अटींवर, खुले ठेवावे. पैसा नकोच. निदान उत्तरात लेखाचा दुवा (लिंक) असता, तर पोरगा लेखाच्या पानावर आला असता, चूक त्यानेच सुधारली असती. पानावरचा ‘ऊगम’ मी त्याच रात्री दुरुस्त केला. मोबाइलवाला मात्र अजून तेच लिहितो.

– एक वाचक, सातारा