जुन्या सर्किट बोर्डाला रास्त भाव द्या, घरातलं तेजाब बंद होईल

प्रति,
मा. आयुक्त,
नागपूर महानगरपालिका

सप्रेम नमस्कार.

मी शहरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. अलीकडे परीक्षा आटोपल्या की पोट्टे विचारायला येतात, "सर, अम्लराज घरी बनवता येतं का?" अम्लराज म्हणजे नायट्रिक आम्ल असलेलं, सोनंही विरघळवणारं तेजाब. मोबाइलवर व्हिडिओ पाहिलेला असतो. जुना मदरबोर्ड, रॅमच्या सोनेरी पट्ट्या, तेजाब, आणि शेवटी वाटीत पिवळा मणी.

मी त्यांना आधी हिशेब मांडून दाखवतो. दहा लाख मोबाइलांत साधारण ३४ किलो सोनं असतं. म्हणजे एका ग्रॅमसाठी तीसेक फोन, तेही कणभर वाया गेलं नाही तर. टोकियो ऑलिम्पिकच्या पदकांसाठी जपानने दोन वर्षं देशभरातून सुमारे ७९ हजार टन जुनी उपकरणं जमवली, तेव्हा कुठे ३२ किलो सोनं हाती आलं. गच्चीवर बादली घेऊन बसणाऱ्याच्या हाती काय लागणार?

तरीही लोक करतात, कारण कबाडी बोर्ड प्लास्टिकच्या भावात उचलतो आणि आत सोनं आहे हे आता सगळ्यांना कळलंय.

साहेब, खरा धोका धुराचा आहे. बोर्डावरच्या तांब्यावर नायट्रिक आम्ल पडलं की तपकिरी धूर उठतो. माणूस खोकतो, थोड्या वेळाने बरं वाटतं, तो जेवून झोपतो. फुप्फुसांत पाणी भरायला लागतं ते कित्येक तासांनी. तोवर दुपारी काय केलं होतं हे डॉक्टरला सांगायचं कोणाच्या डोक्यातही येत नाही. घरात लहान मूल असेल तर विचारूच नका. उरलेलं हिरवं-निळं पाणी मोरीत जातं. त्यात तांबं असतं, जुन्या सोल्डरचं शिसं असतं. आपल्या मोऱ्यांचं पाणी कुठे जातं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे: नाग नदीत, तिथून कन्हानला, पुढे वैनगंगेला.

आता यावर धाडी घाला असं मी म्हणणार नाही. आज एका गल्लीत धाड पडली की उद्या काम शेजारच्या गल्लीत हलतं, आणि दार-खिडक्या लावून केलं तर धूर आणखी जीवघेणा. शिवाय यातलं निम्मं काम चांगलं आहे. पेचकस घेऊन बोर्ड सुटा करणं, तांबं, अॅल्युमिनियम, प्लास्टिक वेगळं काढणं यात कबाडी वस्तीतल्या माणसांचा हात जितका बसलाय तितका आमच्या प्रयोगशाळेत कोणाचा नाही. विषारी आहे तो शेवटचा, तेजाबाचा टप्पा, आणि तोच घराबाहेर काढायचा आहे.

त्यासाठी नवा कायदा लागत नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांत, शहराच्या कचऱ्यात मिसळलेला ई-कचरा वेगळा काढून नोंदणीकृत पुनर्चक्रकाकडे (रिसायकलरकडे) पोचवण्याची जबाबदारी महापालिकेवरच टाकली आहे. उत्पादक कंपन्यांना अशा पुनर्चक्रकांकडून प्रमाणपत्रं विकत घ्यावी लागतात, म्हणजे पुनर्चक्रकालाही माल हवाच असतो. मध्ये फक्त वजनकाटा ठेवून माल विकत घेणारा कोणी नाही.

तो काटा तुम्ही ठेवा. दहाही झोनमध्ये एकदम नको, आधी गांधीबाग झोनमध्ये, इतवारीच्या सराफ्याजवळ. फोनचा बोर्ड, संगणकाचा बोर्ड, टीव्हीचा बोर्ड, प्रत्येकाचा किलोचा भाव फळ्यावर लिहा, मराठीत आणि हिंदीत, आणि पैसे तिथल्या तिथे द्या. "जागरूक नागरिकांनी ई-कचरा जमा करावा" असली शिबिरं पुष्कळ झाली. फुकट बोर्ड द्यायला सोनं शोधणारा येत नसतो. भाव ठरवताना नमुने तपासायला नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आपल्याच शहरात आहे, तिला विचारा.

दुसरं तेजाबाचं. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आम्लाच्या विक्रीवर बंधनं घातली: खरेदीदाराचं ओळखपत्र, खरेदीचं कारण, नोंदवही. ही वही दुकानात खरोखर भरली जाते का, हे पाहणं पोलिसांचं आणि जिल्हा प्रशासनाचं काम आहे, पण तुमच्या सहीचं पत्र गेलं तर हलेल.

काट्यावर बसणाऱ्या माणसाला कोणता बोर्ड कुठल्या भावाचा आणि फुगलेल्या बॅटरीला हात कसा लावायचा, हे शिकवायला मी सुट्टीच्या दिवशी येईन. मानधन नको. गांधीबाग झोनमध्ये कोणाला भेटायचं तेवढं कळवा.

आपला,
रसायनशास्त्राचा एक शिक्षक, नागपूर