पीएसए चाचणीच्या अर्जावर केसांच्या गोळीचा प्रश्न हवा

संपादक महोदय,

पन्नाशीनंतरच्या आरोग्य तपासणीत पुरुषांची पीएसए ही रक्तचाचणी आता सर्रास केली जाते. प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणाऱ्या एका प्रथिनाचे रक्तातील प्रमाण तीत मोजतात आणि आकडा 4 च्या आत असला की बहुतेक वेळा अहवाल निर्दोष समजून फाइलमध्ये ठेवला जातो. मात्र केस गळू नयेत म्हणून फिनास्टेराइडची गोळी नियमित घेणाऱ्या पुरुषाचा हा आकडा त्या गोळीमुळेच जवळजवळ निम्म्यावर आलेला असतो. अनेक वर्षे सांगलीत औषधांचे दुकान चालवलेला औषधनिर्माता म्हणून, आणि हा प्रकार घरातच घडलेला पाहिल्यामुळे, हे पत्र लिहीत आहे.

माझ्या मेहुण्यांचा अहवाल 3.1 आला, तेव्हा तपासणी केंद्रात त्यांना काळजीचे कारण नाही असे सांगण्यात आले. चालू औषधांच्या रकान्यात त्यांनी रक्तदाबाची गोळी लिहिली होती. आठ वर्षे घेत असलेली केसांची गोळी लिहिली नव्हती, कारण तेही औषधच आहे असे त्यांच्या कधी मनातच आले नव्हते. मी तो आकडा दुप्पट करून पाहिला, 6.2 झाला, आणि त्यांना मूत्ररोगतज्ज्ञांकडे नेले. एमआरआय आणि बायोप्सीनंतर कर्करोगाचे निदान झाले. आजार ग्रंथीच्या बाहेर पसरलेला नव्हता, एवढाच त्या दिवसांतला दिलासा.

आकडा दुप्पट का करायचा, हे समजण्यासाठी ही गोळी काय करते ते पाहावे लागते. टेस्टोस्टेरॉन हे मुख्य पुरुषी संप्रेरक खरे. पण प्रोस्टेटमध्ये आणि डोक्यावरच्या केसांच्या मुळांत एक विकर (एन्झाइम) त्याचे डीएचटी या अधिक प्रभावी संप्रेरकात रूपांतर करते. डॉमिनिकन प्रजासत्ताकातील काही कुटुंबांत या विकराचा जन्मजात अभाव असलेल्या पुरुषांचा अभ्यास 1974 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांची प्रोस्टेट ग्रंथी लहानच राहत होती आणि त्यांना टक्कलही पडत नव्हते. निसर्गाने दाखवलेली हीच गोष्ट गोळीने साधता येईल, या विचारातून ते विकर अडवणारे फिनास्टेराइड आले. अमेरिकेत 1992 मध्ये वाढलेल्या प्रोस्टेटसाठी 5 मिलिग्रॅमच्या आणि 1997 मध्ये टकलासाठी 1 मिलिग्रॅमच्या गोळीला मान्यता मिळाली. म्हणजे सासऱ्यांची प्रोस्टेटची गोळी आणि जावयाची केसांची गोळी हे एकच औषध असू शकते, फरक फक्त मात्रेचा.

पीएसए तयार करण्याचा हुकूम प्रोस्टेटच्या पेशींना याच संप्रेरकांकडून मिळतो. डीएचटी घटले की पीएसए घटते, मग ग्रंथीत गाठ असो वा नसो. पुरुषी संप्रेरके काढून घेतल्यास प्रोस्टेटचा कर्करोग आक्रसतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी 1941 मध्ये दाखवले आणि त्यासाठी त्यांना 1966 चे नोबेल मिळाले. परंतु त्यावरून केसांची गोळी कर्करोगावरही उपचार करत असेल, असे कोणी समजू नये. बायकॅल्युटामाइड किंवा एन्झाल्युटामाइडसारखी प्रोस्टेटच्या कर्करोगावरची औषधे संप्रेरकाचा हुकूम स्वीकारणारा पेशीतला ग्राहीच (रिसेप्टर) अडवून धरतात. फिनास्टेराइड मात्र टेस्टोस्टेरॉनला हात लावत नाही, उलट ते किंचित वाढते.

म्हणून सहा महिन्यांहून अधिक काळ ही गोळी चालू असेल, तर पीएसएचा आकडा दुप्पट धरून वाचायचा असतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, गोळीवर असताना खाली आलेला आकडा पुन्हा चढू लागला, तर तो 4 च्या आत असला तरी डॉक्टरांना दाखवायला हवा. ड्युटास्टेराइड या त्याच प्रकारच्या औषधालाही हेच लागू आहे. फिनास्टेराइड घातलेल्या लोशनमधूनही काही औषध रक्तात उतरते. चाचणीआधी चार दिवस गोळी बंद ठेवून काही साधत नाही. आकडा पूर्ववत व्हायला काही महिने लागतात.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायचे हे औषध अनेक दुकानांत नुसते नाव सांगितले तरी मिळते, याची मला आमच्या व्यवसायातला माणूस म्हणून खंत वाटते. चिठ्ठीच नसेल, तर पीएसएविषयी सावध करणारे कोणी मध्ये उरतच नाही. रक्तदानाच्या वेळी फिनास्टेराइड घेणाऱ्याला शेवटच्या गोळीनंतर महिनाभर आणि ड्युटास्टेराइड घेणाऱ्याला सहा महिने थांबवले जाते, कारण ते रक्त गर्भवतीला दिले गेल्यास पोटातल्या मुलाच्या जननेंद्रियांच्या वाढीला धोका पोहोचू शकतो. तिथे हा प्रश्न विचारता येतो, तर प्रयोगशाळेत का नाही? राज्यातील प्रयोगशाळांनी आणि तपासणी केंद्रांनी पीएसएच्या अर्जावर ठळक अक्षरांत एवढेच छापावे, ही विनंती: ‘केसगळतीसाठी किंवा प्रोस्टेटसाठी गेल्या वर्षभरात कोणती गोळी अथवा लोशन वापरले आहे का?’ आणि मिळालेले उत्तर अहवालावर आकड्याच्या शेजारीच नोंदवावे.

आपला,
एक निवृत्त औषधनिर्माता, सांगली