कंडक्टर काका, उशी माझ्याकडंच आहे

काका, नमस्कार.

तुमच्या मेहुण्यांना डिस्चार्ज मिळाला तेव्हा मी खाली आरोग्यमित्राच्या टेबलापाशी महात्मा फुले योजनेचे कागद घेऊन रांगेत होते. वर आले तर शेजारची खाट मोकळी, आणि अण्णांच्या पायथ्याला तुमची ती निळ्या फुलांच्या अभ्र्याची उशी. मेहुण्यांचं स्टेंटवर भागलं, छाती उघडावी लागली नाही, म्हणून उशी मोकळी झाली असणार. तुमचं नावही विचारायचं राहिलं. एसटीतून रिटायर झालेले, म्हणून सगळा वॉर्ड ‘कंडक्टर काका’च म्हणायचा. माजलगावकडच्या कुणी वाचलं तर पोचेल, म्हणून असं चारचौघांत लिहायलेय.

अण्णांच्या बायपासची तारीख दोनदा पुढं गेली. पहिल्यांदा साखर वाढली म्हणून. दुसऱ्यांदा रात्रीपासून उपाशी ठेवून, छातीवरचे केस काढून, गाऊन घालून बसवलं, आणि दुपारी २ वाजता सांगितलं, इमर्जन्सी आलीय, आज नाही. इमर्जन्सी खरी असेल हो, पण म्हाताऱ्या माणसाला तोवर घोटभर चहाची आशा तरी दाखवायची! सेलूहून फोनावर फोन, “झालं का?” मी जिन्यात जाऊन रडले.

‘सगळं चांगलं होईल’ म्हणणारे खूप होते. तुम्ही जिन्यात आलात आणि म्हणालात, “माय, रक्त पातळ करायची गोळी ५ दिवस झाले बंद हाय ना? तारीख पुढं गेली तर ती परत सुरू करायची का, ते आधी डॉक्टरला विचारून ये. रडायला रात्र पडलीय.” हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. डॉक्टरांनी कोणती गोळी कधीपर्यंत ते कागदावर लिहून दिलं. तो कागद उशाशी ठेवून त्या रात्री मी झोपले.

श्वासाच्या व्यायामाचं ते तीन प्लास्टिकच्या गोळ्यांचं यंत्र अण्णा चार दिवस फुंकत होते. “फुंकायचं नाही, ओढायचं. रसवंतीवर नळीनं रस ओढतो तसं,” हेही तुमचंच. मग सदऱ्याची बटणं काढून तुमच्या स्वतःच्या बायपासची छातीवरची उभी रेघ दाखवलीत, पायजमा वर करून पोटरीवरची. “छातीचं हाड तारेनं बांधतेत. खोकला आला की उशी कवटाळायची.”

पंधरा दिवसांत अण्णा पहिल्यांदा आपणहून बोलले. “तारा अजून आतच हायत?”

“हायत की. गंजत नाहीत.”

“भ्या वाटलं होतं का?”

“आदल्या रात्री मुतायला चार वेळा उठलो.”

अण्णा हसले. मला त्यांनी हे कधीच विचारलं नसतं.

आता गुरुवारची तारीख आहे. होईल का, ते गुरुवारीच कळंल. अण्णा दोन गोळ्या वर नेतात, तिसरी नुसती थरथरते. उशीचा अभ्रा धुऊन खिडकीच्या गजाला वाळत घातलाय.

तुमची,
शेजारच्या खाटेवरच्या अण्णांची लेक